मागच्या सीटवरचा आवाज

मिस्त्रींचे कान तिखट होते, याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. रस्त्याच्या वळणावर गाडी दिसायच्या आधीच ते हातातला पाना खाली ठेवत आणि म्हणत, "पुढच्या उजव्या चाकाचं बेअरिंग गेलंय." गाडी गॅरेजात येऊन थांबे, चाक निघे आणि बेअरिंगच गेलेलं असे. सत्तावीस वर्षं हे चाललं होतं. इंजिन नुसतं धापा टाकतंय की खरंच आजारी आहे, हे त्यांना दुसऱ्या खोलीत बसूनही कळायचं.

पण हेच कान माणसांसमोर चौथ्या शब्दाला मिटायचे.

"मिस्त्री, काल मी ऑफिसमधून निघालो तेव्हा..."

"क्लच प्लेट. संध्याकाळी घेऊन जा."

"अहो, पण मी काय म्हणतो..."

"संध्याकाळी म्हटलं ना. सहानंतर."

बरं, बहुतेक वेळा ते बरोबरच असत, हीच तर पंचाईत होती. अधूनमधून सपशेल चुकले असते तर निदान सुधारायची आशा होती. घरीसुद्धा तोच प्रकार. बायकोने "आज माझी कंबर" एवढं म्हटलं की यांचं "बाम लाव" तयार. पंचवीस वर्षांच्या संसारात तिने एक युक्ती शोधली होती. जे सांगायचं ते तीन शब्दांत उरकायचं. "गॅस संपला. आणा." लेकीने त्याहून सोपी युक्ती काढली होती. ती त्यांना काही सांगायचीच नाही. सध्या ती दूरच्या एका शहरात, एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून पहिल्यावहिल्या नोकरीवर होती. तिथून रोज संध्याकाळी सहाला ती गॅरेजच्या फोनवर फोन करायची, तो वडिलांसाठी नव्हे, आत्यासाठी.

ही आत्या म्हणजे मिस्त्रींची थोरली बहीण. सगळं गॅरेज तिला ताई म्हणे. एका मोठ्या इस्पितळाच्या चौकशीच्या खिडकीत एकतीस वर्षं बसून ती निवृत्त झाली होती. घरात बसून भिंतींशी बोलायची वेळ आली तेव्हा ती भावाच्या गॅरेजात चार दिवसांसाठी म्हणून काउंटर सांभाळायला आली, त्याला आता दीड वर्ष होत आलं होतं. मिस्त्री बावन्न वर्षांचे, वजन नव्वद किलो, पण ताईच्या लेखी ते अजून 'छोट्या'च होते. गिऱ्हाइकांसमोरसुद्धा.

ताईने आल्याआल्या काउंटर भिंतीकडे सरकवला आणि समोरासमोर दोन खुर्च्या मांडल्या. गिऱ्हाइकाला ती आधी बसवायची, मग म्हणायची, "हं, आवाज काढून दाखवा."

"म्हणजे?"

"गाडी कसा आवाज करते? तसा तुम्ही करा. लाजू नका, इथे सगळेच करतात."

मग एरवी करड्या चेहऱ्याने फिरणारी बँकेतली बाई डोळे मिटून "घुर्रर्र, घुर्रर्र, फिस्स" करायची. एक नामांकित वकील मान वाकडी करून "किर्र-खट, किर्र-खट" करत दोन मिनिटं बसले होते. ताई गंभीरपणे विचारायची, "कुरकुर आहे की करकर?" आणि गिऱ्हाईकही तितक्याच गंभीरपणे विचार करून सांगे, "कुरकुरच म्हणता येईल. पण वळताना करकर."

"हे गॅरेज आहे की नकलांचा कार्यक्रम?" मिस्त्री गाडीखालून ओरडायचे.

"तू तुझं काम कर रे छोट्या."

तिचं एक म्हणणं होतं. "घाबरलेला माणूस पहिला प्रश्न नेहमी दुसराच विचारतो. खिडकीशी येऊन म्हणणार, कँटीन कुठंय? आणि त्याला विचारायचं असतं, माझी आई वाचेल का? कँटीन उजवीकडे, असं सांगून त्याला वाटेला लावलं की झालं का काम?"

"अगं, ती माणसं होती. या गाड्या आहेत."

"गाडी स्वतः चालत येते का तुझ्याकडे?"

यावर मिस्त्री पाना शोधायला लागत.

*

त्या दिवशी गणिताचे सर तिसऱ्यांदा आले. जवळच्याच एका शाळेत ते वरच्या वर्गांना गणित शिकवत. सडसडीत अंगाचे, बोलायला जपून. बोलताना चष्मा पुसायची सवय. त्यांच्या निळ्या गाडीला दर रविवारी आवाज येई, आणि सोमवारी गॅरेजात आणली की ती अगदी शहाण्या मुलासारखी गप्प.

"सर, मी दोनदा चालवून बघितली," मिस्त्री हात पुसत म्हणाले. "खड्ड्यांतून नेली, चढावर नेली. आवाज नाही. तुमच्या कानात असेल."

"छोट्या," ताई म्हणाली. मग सरांकडे वळून, "बसा तुम्ही. काढा आवाज."

सरांनी इकडेतिकडे बघितलं. वर्गात कुणी हसत नाही ना, हे बघतात तसं. "टुक्," ते म्हणाले. "मग थोडं थांबून टुक्-टुक्. मी नोंद ठेवलीये. सात रविवार. तासाला तीस ते चाळीसच्या दरम्यान, रस्ता खराब असला की जास्त. मागून. डावीकडून."

"आणि एरवी?"

"एरवी नाही. पण एरवी मी एकटाच असतो, रेडिओ चालू असतो."

"रविवारी कोण असतं?"

"बाबा. त्यांना घेऊन बहिणीकडे जेवायला जातो. गावाच्या दुसऱ्या टोकाला राहते ती. चाळीस मिनिटं लागतात. माझ्या बायकोची रविवारी ड्युटी असते, त्यामुळे आम्ही दोघंच."

"बाबा कुठे बसतात?"

"मागे. डावीकडे."

"तुम्ही दोघंच, आणि ते मागे?"

सरांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. "पुढे आई बसायची. तिला जाऊन दोन वर्षं झाली."

ताईने पेन खाली ठेवलं. ती काहीतरी विचारणार, तेवढ्यात पलीकडच्या गाडीखालून मिस्त्री पाठीवर घसरत बाहेर आले. त्यांचा चेहरा उजळला होता.

"वजन! अहो, वजन! मागे डावीकडे माणूस बसला की ती बाजू खाली बसते, आणि मगच आवाज येतो. मी एकटा चालवतो तेव्हा कसा येणार? थांबा, सत्तर किलोचं पोतं टाकतो मागे, आत्ता कळेल."

"पोतं नको," ताई म्हणाली. "रविवारी तूच जा त्यांच्याबरोबर."

"रविवारी? माझी सुट्टी असते ताई. पोत्याने काम होतंय की!"

"पोत्याला काय ऐकू आलं ते त्याला सांगता येत नाही. तू जा."

*

रविवारी दहाला सरांनी मिस्त्रींना घरून उचललं. मिस्त्री दार उघडून पुढच्या सीटवर धपकन बसले. सीट फारच पुढे होती, गुडघे नाकाशी आले, पण त्यांचं सगळं लक्ष आधीच मागच्या चाकाकडे लागलं होतं. सर काहीतरी बोलणार होते, ते बोलले नाहीत.

एका जुन्या तीन मजली इमारतीपाशी गाडी थांबली. सरांचे वडील खाली येऊन उभेच होते. उंच, रुंद हाडाचे, इस्त्रीचा शर्ट. एका छापखान्यात त्यांनी मशिनमन म्हणून चाळीस वर्षं काढली होती आणि नखांच्या कडेला शाईची निळी रेघ अजून होती. त्यांनी पुढच्या सीटवर बसलेल्या मिस्त्रींकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. मग मागचं दार उघडून ते डावीकडे बसले.

गाडी निघाली. कुणीच काही बोललं नाही. मिस्त्रींना ते फार आवडलं. असं शांत गिऱ्हाईक असावं, त्यांच्या मनात आलं.

सातव्या मिनिटाला खड्डा आला. टुक्.

"आला," वडील म्हणाले.

"आला," सर म्हणाले.

वडील पुढे वाकले. त्यांच्या आवाजात एकदम जीव आला. "मिस्त्री, मी काय म्हणतो, हा जो..."

मिस्त्रींनी हात वर केला. "काका, एक मिनिट. ऐकू द्या."

वडील मागे टेकले.

मिस्त्रींनी काच खाली केली, डोकं बाहेर काढलं, डोळे बारीक केले. टुक्. टुक्-टुक्. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असं समाधान पसरलं, जसं ओळखीचा माणूस गर्दीत सापडल्यावर पसरतं. "मागच्या डाव्या शॉकअपचा वरचा बुश," त्यांनी जाहीर केलं. "रबर गेलंय. उद्या आणा, अर्ध्या तासाचं काम. मला इथेच सोडा, मी बसने जातो."

सोमवारी बुश बदलला. जुना बुश म्हणजे चावून चावून टाकलेल्या खोडरबरासारखा झाला होता. मिस्त्रींनी तो भंगाराच्या पिंपात भिरकावला आणि दिवसभर शीळ घालत काम केलं.

*

तीन आठवड्यांनी सर परत आले. गाडी बाहेर लावून दारातच घुटमळत उभे राहिले.

"काय झालं?" मिस्त्री म्हणाले. "परत आला आवाज?"

"नाही. गेला तो. पूर्ण गेला."

"मग झालं तर!"

"हो." सरांनी चष्मा काढला. "मिस्त्री, तो... तो परत आणता येईल का?"

मिस्त्रींनी आयुष्यभर आवाज घालवले होते. आवाज परत मागणारं गिऱ्हाईक त्यांनी पाहिलं नव्हतं.

"अहो सर, तुम्ही शुद्धीवर..." ते सुरू झाले. ताईने खुर्ची पुढे ओढली, सरांना बसवलं, किटलीतला चहा तीन कपांत ओतला आणि भावाच्या हातात बिस्किटांचा पुडा ठेवला. "खा," ती म्हणाली. छोट्याचं तोंड कधी भरलेलं असावं, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

सर हळूहळू बोलायला लागले.

"आई असताना गाडीत तीच बोलायची. घरातून निघाल्यापासून बहिणीच्या दारापर्यंत. आम्ही दोघं आपले 'हं' म्हणायचो. बाबा एकदा, मी एकदा. ती गेली आणि लक्षात आलं, की आम्हा दोघांना 'हं' शिवाय काही येतच नाही. आता 'हं' तरी कशाला म्हणायचं? बाबांना रेडिओ आवडत नाही. दीड वर्ष आम्ही तसेच गेलो. चाळीस मिनिटं जाताना, चाळीस येताना."

मिस्त्रींनी बिस्कीट गिळलं आणि तोंड उघडलं. मोबाइलवर जुनी गाणी लावा, हे त्यांच्या जिभेवर आलं होतं. ताईने पुडा पुन्हा पुढे केला. त्यांनी दुसरं बिस्कीट घेतलं.

"मग एका रविवारी तो आवाज आला. बाबा म्हणाले, ऐकलंस? मी म्हटलं, ऐकलं. ते म्हणाले, रबर बसलंय वरचं. मी म्हटलं, छे, चाकाचं काहीतरी आहे. आणि आमचा वाद सुरू झाला. सात रविवार! बाबा छापखान्यातलं सांगायला लागले, कुठल्या यंत्राचा कुठला आवाज कसा ओळखायचा. मी कधी ऐकलंच नव्हतं हो ते. मला वाटायचं, बाबा कमी बोलतात. आम्ही बहिणीच्या दाराशी पोचलो तरी गाडीत बसून भांडत असायचो. ती गॅलरीतून हाका मारायची."

सर हसले.

"आता गेले तीन रविवार... गाडी छान चालते. परवा बाबा म्हणाले, गाडी चांगली चालतेय. मी म्हटलं, हं. तेवढंच."

मिस्त्रींचं चावणं केव्हाच थांबलं होतं. "एक मिनिट," ते म्हणाले. "रबर बसलंय, असं ते म्हणाले? पहिल्याच दिवशी?"

"हो. वरचं रबर. तुम्हालाही त्या दिवशी तेच सांगणार होते."

मिस्त्रींना आपला वर केलेला हात आठवला. काका, एक मिनिट, ऐकू द्या. आवाज ऐकायच्या नादात आवाज ओळखणाऱ्या माणसालाच त्यांनी गप्प बसवलं होतं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"मग?" ते म्हणाले.

ताईने चमकून वर बघितलं. आपल्या भावाच्या तोंडून हा शब्द प्रश्नचिन्हासकट तिने बावन्न वर्षांत प्रथमच ऐकला होता.

"मग काही नाही," सर म्हणाले. "त्या दिवशी पुढच्या प्रवासात ते गप्पच होते. मला वाटलं, दमले असतील."

"जुना बुश बसवायचा नाही मी," मिस्त्री म्हणाले. "ते काही मला जमायचं नाही. पण बाबांना शनिवारी घेऊन या इथे. गाडी दाखवायला नव्हे. बाबांनाच घेऊन या."

*

त्याच दिवशी सहाला फोन वाजला. ताई मागे कप विसळत होती. मिस्त्रींनी हात पुसले आणि फोन उचलला.

"आत्या, अगं आज काय झालं माहितीये..."

"मी आहे."

"अच्छा. बाबा. बरे आहात ना? आत्या आली की सांगा मी..."

"तूच सांग ना. काय झालं?"

लेक जरा घुटमळली, मग बोलायला लागली. तिची वरिष्ठ बाई तिला पेशंटसमोरच बोलली होती. खांदा धरलेल्या एका आजोबांना व्यायाम देताना हिने जास्त वेळ लावला म्हणून.

'सोड ती नोकरी', हे वाक्य मिस्त्रींच्या दातांपर्यंत आलं. त्यांनी ते दातांतच धरलं. टेबलावर एक नट पडला होता, तो ते बोटांनी फिरवत राहिले.

"मग?"

मग तिने त्या आजोबांबद्दल सांगितलं. ते पूर्वी रंगारी होते आणि हात डोक्याच्या वर जात नाही याचंच त्यांना फार वाईट वाटायचं. मग खोलीतल्या मैत्रिणीबद्दल, जी झोपेत पाढे म्हणते. मग परत त्या बाईबद्दल, की ती तशी वाईट नाही, तिच्या घरी काहीतरी चाललंय. 'सुट्टी घेऊन ये', 'खोली बदल', 'त्या बाईंचा नंबर दे' असे तीन उपाय मिस्त्रींनी एकामागून एक गिळले. कपाळावर घाम आला.

"बाबा? तुम्ही आहात ना लाइनवर?"

"आहे."

"तब्येत बरी आहे ना तुमची?"

"अगं बरी आहे. पुढे सांग. त्या आजोबांचा हात गेला का वर?"

"आज कानापर्यंत गेला!" लेक ओरडलीच. तिला खरं म्हणजे एवढंच सांगायचं होतं. बोलणी खाल्ली ते ओघात आलं होतं.

बावीस मिनिटांनी मिस्त्रींनी विचारलं, "बरं, मी काय करू? कुणाशी बोलू का?"

"काही नको हो. सांगितलं, बरं वाटलं." ती हसली. "उद्या फोन तुम्हीच उचला."

ताई ओले कप हातात घेऊन मागच्या दारातच उभी होती. मिस्त्रींनी फोन ठेवल्यावर ती आत आली आणि कप पुसायला लागली.

"दमायला होतं गं," मिस्त्री म्हणाले. "गिअरबॉक्स उतरवणं परवडलं."

"सवयीने जमतं," ताई म्हणाली.

*

शनिवारी सकाळी मिस्त्रींनी भंगाराचं पिंप जमिनीवर पालथं केलं. गुडघ्यांवर बसून ते तो बुश शोधत होते. त्याच्यासारखे दिसणारे तीन निघाले. प्रत्येक दाबून, वळवून, डोळ्यांसमोर धरून त्यांनी अखेर खरा ओळखला आणि स्वच्छ फडक्यात गुंडाळून खिशात ठेवला.

सर वडिलांना घेऊन आले. वडिलांना कशाला बोलावलंय ते कळेना. ताईने त्यांना खुर्चीवर बसवलं. मिस्त्री समोर स्टूल घेऊन बसले, आणि बुश वडिलांच्या तळहातावर ठेवला.

"काका, त्या दिवशी तुम्ही मला काहीतरी सांगत होता, आणि मी मध्येच हात केला. काय होतं ते?"

"आता काय त्याचं? झालं ना काम."

"झालं. पण तुम्हाला गाडीची माहिती नसताना रबर कसं कळलं? मला कळायला तुम्हाला मागे बसावं लागलं."

वडिलांनी बुश अंगठ्याने दाबला. दोन बोटांत फिरवला. नाकाशी नेऊन वास घेतला. मग खुर्चीत नीट बसले.

"रबर ताजं असतं तेव्हा ते 'थप' म्हणतं," ते म्हणाले. "कडक झालं की 'टप'. आणि फाटलं की 'टुक्'. आमच्या मोठ्या मशीनला रबराचे रोलर होते. एकदा शाळेची पुस्तकं छापायची घाई होती. सकाळपासून आवाज 'टप' येत होता. मी मशीन बंद केलं. फोरमन धावत आला, माझ्यावर असा खेकसला की खालच्या मजल्यावर ऐकू गेलं. मी म्हटलं, आधी उघडून बघा. उघडलं तर रोलरला ही एवढी भेग. आणखी तासभर चाललं असतं तर आत अडकून मशीनचं वाटोळं झालं असतं."

"मग? फोरमन काय म्हणाला?"

"काही नाही म्हणाला. दुसऱ्या दिवशी माझ्या मशीनपाशी एक स्टूल आणून ठेवलं. चाळीस वर्षांत उभ्याने काम करणाऱ्यांत स्टूल मिळालेला मी एकटा."

सर पुढे सरकून बसले. "बाबा, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

"आईने मला सांगू दिलं नसतं." वडिलांच्या मिशीखाली हसू आलं. "कारण पुढचं खरं तिनं सांगितलं असतं. ती तिथेच कागद मोजायला होती ना तेव्हा. लग्नाआधीची गोष्ट. आवाज बदललाय हे आधी तिनंच ओळखलं होतं. सकाळी येऊन मला म्हणाली, तुमचं मशीन आज रुसलंय. मी म्हटलं, तू तुझे कागद मोज. दोन तासांनी मला ऐकू आलं. स्टूल मिळालं मला, आणि पुढची चाळीस वर्षं बोलणी खाल्ली तीही मीच!"

ताई खळखळून हसली. सरही हसले आणि हसता हसता त्यांना चष्मा काढावा लागला. मिस्त्री मात्र स्टुलावर पुढे झुकून, "मग लग्न कसं जमलं?" असं विचारून मोकळे झाले होते. तेही सांगून झालं. त्यात तासभर गेला. या वेळात दोन गिऱ्हाइकं येऊन थांबली आणि तीही खुर्च्या ओढून ऐकत बसली.

निघताना मिस्त्री त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले आणि त्यांनी वडिलांसाठी मागचं दार उघडलं. वडील आत बसले नाहीत.

"त्या रविवारी तुम्ही पुढे बसला होतात," ते म्हणाले.

मिस्त्री वरमले. "हो. माझ्या लक्षातच आलं नाही हो काका, की ती जागा... नंतर कळलं. चुकलंच माझं."

"नाही, नाही. मला बरं वाटलं. म्हटलं, म्हणजे बसता येतं तर तिथे."

"बसता येतं म्हणजे?" सर म्हणाले.

"मला वाटलं, ती जागा तुला तशीच ठेवायचीये. आईची म्हणून. तू कधी म्हणाला नाहीस, पुढे बसा."

"मला वाटलं, तुम्हालाच तिथे बसवत नाही. म्हणून मी विचारलं नाही!"

"मागे माझे गुडघे आखडतात रे. दोन वर्षं झाली."

ताई मागून म्हणाली, "अगं बाई!" आणि तोंडावर पदर धरला. मिस्त्रींच्या जिभेवर किती काय आलं होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण त्यांनी नुसतं मागचं दार लावलं आणि पुढचं उघडलं.

वडील पुढे बसले. गुडघे डॅशबोर्डला टेकले.

"ही इतकी पुढे का?"

"आईचे पाय पुरायचे नाहीत," सर म्हणाले. "तिनं स्वतःच्या मापाने घेतली होती. मी हलवली नाही."

वडिलांनी सीटच्या कडेवरून हात फिरवला. कुणीच घाई केली नाही. मग ते म्हणाले, "मिस्त्री, जरा मागे घेता का? तिला मी आखडून बसलेलं आवडलं नसतं."

मिस्त्री गुडघ्यांवर बसले. सीटखालचा खटका गंजून बसला होता. त्यांनी तेलाचे चार थेंब सोडले, हलवून हलवून तो मोकळा केला, आणि सीट करकरत चार बोटं मागे गेली. वडिलांनी पाय लांब केले आणि एवढा मोठा निःश्वास टाकला, की थांबलेल्या दोन्ही गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या.

सोमवारी सकाळी शाळेत जाता जाता सर गॅरेजशी थांबले. काम काही नव्हतं, गाडी चालूच ठेवून त्यांनी काच खाली केली.

"काल बहिणीकडे पोचायला किती वेळ लागला असेल?"

"चाळीस मिनिटं," मिस्त्री म्हणाले, आणि लगेच जीभ चावली. "तुम्ही सांगा."

"दीड तास! फोरमनच्या मुलीच्या लग्नाची गोष्ट सांगत होते. वळण चुकलं. पार पुलापर्यंत गेलो, तिथून परत फिरलो, तर आणखी एक चुकलं. बहिणीने दोघांनाही फैलावर घेतलं. बाबा म्हणतात, पहिलं वळण तू चुकवलंस. मी म्हणतो, रस्ता दाखवायला पुढे तुम्ही बसला होतात!"

मागून दुसऱ्या गाडीने हॉर्न दिला. सरांनी आरशात बघितलं, हात हलवला आणि हसत हसतच गाडी पुढे काढली.